रजा कार्निव्हलला नको, ईस्टरला टाका

वाचकाचं पत्र:

"मी मूळचा साताऱ्याचा. त्रिनिदादमध्ये पॉइंट लिसासच्या एका अमोनिया प्लांटच्या ऑफिसात काम करतो, राहायला कूवाला आहे. सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. वर्षाला पंधरा दिवस हक्काची रजा मिळते, शनिवार-रविवार सुट्टी. २०२७ मध्ये गावी एकदा जायचंच आहे. आई ६३ वर्षांची, वडील ६६ चे; दोघांना एकदा इथलं सगळं दाखवायचं आहे. शेजारचं टोबॅगो बेटही राहिलंय. ऑफिसातले लोक म्हणतात, कार्निव्हलचे दोन दिवस सुट्टी असतेच, त्याला जोडून तीन दिवस टाक, नऊ दिवस मोकळे. आई-वडिलांनाही तेव्हाच बोलवावं का? की सरळ ख्रिसमसला गावी जावं? पंधरा दिवस पुरवायचे कसे?
— कूवाचा सातारकर"

कूवाचे सातारकर,

पंधरा दिवसांत तुमची तिन्ही कामं होतात आणि वर चार दिवस हाताशी राहतात. मात्र कार्निव्हल आणि ख्रिसमस ही दोन्ही टोकं सोडून द्यावी लागतील. २०२७ चं त्रिनिदादचं कॅलेंडर दोन ठिकाणी फार उदार आहे, मार्चच्या शेवटी आणि मेच्या शेवटी. रजा तिथेच टाका.

आधी एक माप ठरवून घेऊ. कुठल्याही साध्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार पाच रजा टाकल्या, तरी मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात. तेव्हा पाच रजेत नऊ दिवस मिळणार असतील तर त्यात सणाचा फायदा काहीच नाही. रजा टाकायची ती यापेक्षा जास्त मिळत असेल तरच.

या मापाने कार्निव्हल बघा. २०२७ मध्ये कार्निव्हल सोमवार ८ आणि मंगळवार ९ फेब्रुवारीला आहे. शाळा बंद असतात, बँका बंद असतात, पोर्ट ऑफ स्पेनमधली बरीच ऑफिसं कुलूप लावतात, म्हणून सगळे त्याला सुट्टी म्हणतात. पण देशाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या कायदेशीर यादीत हे दोन दिवस नाहीत. सुट्टी द्यायची की नाही, दिली तर ती कुणाच्या खात्यातून, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पॉइंट लिसासचे प्लांट तर कार्निव्हललाही चालूच असतात. म्हणून एचआरला तोंडी नको, ईमेलवर एवढंच विचारा: "८ आणि ९ फेब्रुवारीला ऑफिस बंद असेल, तर ते दोन दिवस माझ्या वार्षिक रजेतून वजा होतील का?" उत्तर 'हो' आलं तर तुमच्या सहकाऱ्यांचे 'तीन रजेत नऊ दिवस' प्रत्यक्षात पाच रजेत नऊ दिवस ठरतात, म्हणजे साधा आठवडाच. परदेशातून आलेले लोक इथे हमखास फसतात. सुट्टी समजून घरी बसतात आणि वर्षाखेरीस रजेचा हिशेब दोन दिवसांनी कमी निघतो.

आई-वडिलांसाठीही तो आठवडा आम्हाला योग्य वाटत नाही. कार्निव्हलची सुरुवात करणारा जूव्हे सोमवारी पहाटे चारला सुरू होतो. चिखल, रंग, तेल अंगाला फासलेली माणसं, कानठळ्या बसवणारे ट्रक, दोन दिवस बंद असलेले रस्ते. ज्यांना त्याची ओढ आहे त्यांच्यासाठी ते वर्षातलं सर्वोच्च सुख आहे आणि ते तसंच असावं. पण लांबचा प्रवास करून पहिल्यांदा आलेल्या साठीपुढच्या माणसांना त्या गर्दीत उभं करू नये. शिवाय न्यूयॉर्क, टोरंटो, लंडनला राहणारे त्रिनिदादी लोक त्याच दिवसांत घरी येतात, त्यामुळे येणारी विमानं भरलेली आणि महाग असतात, आणि राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, जाणारी. तुम्ही मंगळवारी मुलीला घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला सजलेले बँड बघून या. त्यासाठी पाच रजा लागत नाहीत.

आता नियम. सार्वजनिक सुट्टी रविवारी आली की सोमवारी सुट्टी मिळते. दोन सुट्ट्या एकाच दिवशी पडल्या तर पुढचा दिवसही सुट्टीचा. २०२४ मध्ये कॉर्पस क्रिस्टी हा कॅथलिक सण आणि भारतीय मजूर इथे आल्याचा इंडियन अरायव्हल डे दोन्ही ३० मेच्या गुरुवारी आले होते, तेव्हा ३१ मेचा शुक्रवार सुट्टीचा झाला. शनिवारी आलेली सुट्टी मात्र बुडते, तिची भरपाई नाही. या हिशेबाने २०२७ मध्ये १९ जूनचा लेबर डे शनिवारी पडून बुडतो. १ ऑगस्टचा इमॅन्सिपेशन डे रविवारी आहे, म्हणून सोमवार २ तारखेला सुट्टी. ३१ ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन मंगळवारी, २४ सप्टेंबरचा रिपब्लिक डे शुक्रवारी. ईद मार्चच्या ९-१० तारखेच्या आसपास, आठवड्याच्या मध्यात आणि चंद्रावर अवलंबून, म्हणून तिच्या भरवशावर काहीच ठरवू नका. ख्रिसमस शनिवारी, बॉक्सिंग डे रविवारी, त्यामुळे सोमवार २७ डिसेंबर मोकळा. पण १ जानेवारी २०२८ पुन्हा शनिवारी. म्हणजे ख्रिसमसला २८ ते ३१ अशा चार रजा टाकून नऊ दिवस मिळतात. मापापेक्षा जेमतेम एका दिवसाने बरं. त्यात तिकिटं वर्षातली सगळ्यांत महाग, आणि ऑफिसात प्रत्येकाला तीच रजा हवी असते. ख्रिसमस सोडा.

मार्चच्या शेवटी मात्र वेगळीच गंमत जुळून आली आहे. २६ मार्च गुड फ्रायडे, २९ ला ईस्टर मंडे, आणि लगेच मंगळवारी ३० मार्चला स्पिरिच्युअल शाउटर बाप्टिस्ट लिबरेशन डे. १९१७ साली या पंथाच्या उपासनेवर सरकारने बंदी घातली होती. ती ३० मार्च १९५१ ला उठली, आणि १९९६ पासून त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी मिळू लागली. ही तारीख ठरलेली असते, ईस्टर मात्र दरवर्षी सरकतो. २०२७ मध्ये दोन्ही एकमेकांना चिकटले आहेत. एकही रजा न टाकता शुक्रवार ते मंगळवार सलग पाच दिवस.

गावी जायचं ते इथे. बुधवार ३१ मार्च, १ आणि २ एप्रिल, आणि पुढचा पूर्ण आठवडा ५ ते ९ एप्रिल, अशा आठ रजा. मोकळे दिवस मिळतात २६ मार्च ते ११ एप्रिल, एकूण सतरा. आणि २०२७ चा गुढीपाडवा बुधवारी ७ एप्रिलला आहे, म्हणजे बरोबर तुम्ही साताऱ्यात असताना. इतक्या कमी रजेत पाडवा घरी करण्याची संधी त्रिनिदादला राहणाऱ्या मराठी माणसाला क्वचितच मिळते. २५ ला काम संपवून रात्री किंवा २६ ला सकाळी निघालात, तर दोन ठिकाणी विमान बदलून भारतात पोचायला २७ किंवा २८ उजाडेल. परतीला ९ एप्रिलच्या रात्री निघा. १० ला पोचाल, ११ चा रविवार झोपेला राहू द्या. भारत आणि त्रिनिदादच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर आहे, आणि तुमच्या मुलीला ते तुमच्यापेक्षा जास्त जाणवेल. रविवारी रात्री उतरून सोमवारी सकाळी सातला प्लांटच्या गेटवर हजर राहण्याचा बेत करू नका. एक जोडविमान चुकलं की तो कोलमडतो.

शाळेला ईस्टरच्या आसपास साधारण दोन आठवड्यांची सुट्टी असते. ईस्टर लवकर आहे, त्यामुळे तुमच्या शेवटच्या आठवड्यातले काही दिवस शाळा उघडल्यानंतरचे निघू शकतात. शिक्षण मंत्रालयाचं सत्राचं वेळापत्रक आलं की तारखा ताडून पाहा आणि वर्गशिक्षिकेला आधीच चिठ्ठी द्या. त्या वयात चार दिवसांचा खाडा चालून जातो. पाचव्या इयत्तेत एसईए या माध्यमिक प्रवेश परीक्षेच्या वर्षी तो चालणार नाही, त्यामुळे अशी सहल आत्ताच करून घ्यावी.

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी नक्की करा, याच क्रमाने.

पहिली, नेमणूकपत्र उघडून रजेची व्याख्या वाचा. 'पंधरा कामाचे दिवस' असं लिहिलं असेल तर वरचा सगळा हिशेब लागू होतो. 'कॅलेंडरचे दिवस' असं असेल तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात आणि जोडून सुट्टी घेण्याचा फायदा बराचसा संपतो. रजेच्या मधोमध आलेली सार्वजनिक सुट्टी रजेतून वजा होते का, हेही त्याच पानावर असेल. नसेल तर विचारा. आणखी एक: सुट्टीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला लागेलच असं धरून चाला. लाँग वीकेंडला चिकटलेली आजारपणाची रजा कुठलाही सुपरवायझर दोनदा बघतो.

दुसरी, प्लांटचा शटडाउन. मोठ्या दुरुस्तीचे आठवडे बरेच आधी ठरतात आणि त्या काळात ऑफिसच्या लोकांच्या रजाही गोठवतात. मार्च-एप्रिलमध्ये अशी मोठी दुरुस्ती (टर्नअराउंड) नाही ना, हे मेंटेनन्स प्लॅनिंगमधून काढून घ्या, मगच अर्ज टाका. अर्जात तारखा अशा लिहा: "३१ मार्च ते ९ एप्रिल २०२७, एकूण आठ कामाचे दिवस, २६, २९ आणि ३० मार्च सार्वजनिक सुट्ट्या." सुट्ट्या स्वतःहून नोंदवल्या की पगारपत्रकात त्या चुकून रजेत धरल्या जात नाहीत. ईस्टरच्या पाच दिवसांवर बाकीच्यांचीही नजर असणारच, तेव्हा अर्ज आदल्या वर्षीच द्या. वर्क परमिटची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना, तेही पाहून ठेवा.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच सगळ्यांत जास्त विसरली जाते: पीतज्वराची लस. पीतज्वराचा धोका असलेल्या प्रदेशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याला लसीचं मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागतं, ते पिवळं पुस्तक. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येतं. सतरा दिवसांच्या सुट्टीतले सहा असे गेले तर गावच्या मुक्कामाचा जवळजवळ निम्मा वेळ हातचा जाईल. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस कामाची नाही. तुम्ही तिघांनीही फेब्रुवारीतच घेऊन टाका. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. मुलीच्या पुस्तकावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तंतोतंत जुळतोय का, ते तिथेच बसून तपासा. तपासणीत अडवतात ते बहुधा अशाच चुकांवरून.

आता आई-वडील. त्यांना वेगळं बोलवू नका, एप्रिलमध्ये परतताना सोबतच घेऊन या. अनोळखी विमानतळांवर विमान बदलणं हा त्या वयात प्रवासाचा सगळ्यांत अवघड भाग असतो, आणि तिथेच तुम्ही बरोबर असाल. हवाही साथ देते. जानेवारी ते मे इथला कोरडा हंगाम, पाऊस जूनच्या सुमारास धरतो, आणि चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्रिनिदाद त्या पट्ट्याच्या दक्षिण काठावर असल्यामुळे थेट तडाखा क्वचित बसतो. तरी उत्तरेकडच्या बेटांवर वादळ आलं की विमानं रद्द होतात, आणि त्याचा त्रास एकट्या परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त होतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा मुक्काम त्यांच्यासाठी उत्तम.

त्यांच्या लसीचं मात्र आत्तापासून बघावं लागेल. त्रिनिदादला येताना भारतातून आलेल्या प्रवाशाला हे प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. विचारतात ते जूनमध्ये मुंबईला परतल्यावर. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. तिच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लोकांना बोलावतात. आधी नंबर लावावा लागतो. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, यांपैकी काही असेल तर लस टाळतात. दोघांनाही आधी घरच्या डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी नको म्हटलं तर कारणासह लेखी दाखला घ्या, पण अंतिम निर्णय विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा असतो हे लक्षात घेऊन त्यांच्या परतीनंतरचे पाच-सहा दिवस कुठलं कार्य ठरवू नका.

मार्गाबद्दल थोडक्यात. भारतातून त्रिनिदादला थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तो तुमच्याकडे असेल, आई-वडिलांकडे नसेल तर तो मार्ग विसरा. लंडनमध्ये आणि कॅनडातही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न येतो. पाचही जणांची कागदपत्रं बसतील असा एकच मार्ग आधी ठरवा, भाडी नंतर पाहा. स्वस्त तिकीट आधी काढून नंतर व्हिसाच्या मागे धावणारे शेवटी दुसरं तिकीट घेतात. परतीच्या प्रवासासाठी दोघांच्या नावावर व्हीलचेअर मागून ठेवा, चालता येत असलं तरी. मदतनीस त्यांना एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचवतो.

मेच्या शेवटी दुसरी संधी आहे. कॉर्पस क्रिस्टी नेहमी गुरुवारीच येतो, ईस्टरनंतर साठाव्या दिवशी. २०२७ मध्ये तो २७ मेला आहे. ३० मेचा इंडियन अरायव्हल डे रविवारी, म्हणून सोमवार ३१ मे सुट्टीचा. मधल्या शुक्रवारची एकच रजा टाकली की गुरुवार ते सोमवार पाच दिवस. एका रजेत पाच! वर्षातला हा सगळ्यांत चांगला सौदा, आणि तो आई-वडील इथे असताना येतोय.

एक लक्षात ठेवा: सुट्टी सोमवारी सरकली तरी सण मूळ दिवशीच साजरा होतो. ३० मे १८४५ ला फतेल रझाक हे जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन इथे आलं, आणि १९१७ पर्यंत अशी जहाजं येत राहिली. मिरवणुका, किनाऱ्यावर जहाज लागल्याचे देखावे, तासा-ढोलाचे कार्यक्रम रविवारी ३० ला बघायचे. सोमवारी गेलात तर मांडव उतरवताना दिसेल. आणि गुरुवारी सकाळी आईला अंगणात तुरीचे चार दाणे पेरायला सांगा. कॉर्पस क्रिस्टीला पेरणी करायची अशी इथली जुनी रीत आहे, मका आणि तूर त्या दिवशी लावतात. शेतीच्या घरातल्या माणसाला हे आपसूक कळतं.

याच पाच दिवसांत लेदरबॅक कासवं बघायला न्या. १ मार्च ते ३१ ऑगस्ट हा अंडी घालण्याचा हंगाम, आणि त्या काळात मातुरा, फिशिंग पाँड आणि ग्रँड रिव्हिएरच्या किनाऱ्यांवर वनखात्याच्या परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. गाइड बहुधा परवान्याची सोय करून देतात, पण ती झाली आहे का ते आधी विचारा. मातुरा कूवाहून जवळ आहे, त्याच रात्री घरी परतता येतं. पण किनारा लांबलचक, कासव कुठे वर येईल सांगता येत नाही, आणि अंधारात मऊ वाळूतून बरंच चालावं लागू शकतं. ग्रँड रिव्हिएरचा रस्ता लांब आणि वळणांचा, तोकोच्या पुढे पोटात ढवळतं. किनारा मात्र आखूड आहे आणि मुक्कामाची घरं अगदी वाळूलगत. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी दुसरा पर्याय बरा. दुपारी निघा, संध्याकाळी पोचून झोप काढा, रात्री गाइड उठवेल. खोल्या थोड्याच आहेत आणि हा लाँग वीकेंड, त्यामुळे जागा जानेवारीतच धरून ठेवा.

किनाऱ्यावर टॉर्च नको, मोबाइलची स्क्रीनही नको. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकून पाण्यात परतते. गाइडकडे लाल दिवा असतो. ती आधी पुढच्या पंखांनी वाळू उडवून अंगापुरता खळगा करते. मग मागचे पंख कामाला लागतात. एक पंख वळवून ओंजळभर वाळू उचलतो, बाजूला ठेवतो, मग दुसरा, पुन्हा पहिला, न बघता, फक्त स्पर्शाने, पंख पुरेल तितक्या खोलीपर्यंत. अंडी घालायला लागली की ती आजूबाजूचं भान विसरल्यासारखी होते, आणि तेव्हाच गाइड तुम्हाला मागच्या बाजूने जवळ जाऊ देतो. वर आल्यापासून परत पाण्यात जाईपर्यंत दीड-दोन तास जातात, म्हणून आई-वडिलांना बसायला एक चटई आणि वाऱ्यासाठी पातळ शाल न्या. मुलीला आधी झोपवा, नाहीतर नेमक्या वेळी ती तुमच्या खांद्यावर झोपलेली असेल.

टोबॅगोसाठी तुम्ही ईस्टर विचारात घेतला असेल, कारण सगळेच घेतात. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकू गावात बकऱ्यांची शर्यत असते. जॉकी बकरीच्या पाठीवर बसत नाही, दोरी धरून तिच्यामागे धावतो, आणि माणसाचे पाय चांगले नसतील तर बकरी कितीही तेज असून उपयोग नाही. एरवी तो मंगळवार त्रिनिदादच्या लोकांना कामाचा असतो. २०२७ मध्ये तो ३० मार्च असल्यामुळे सुट्टीचा आहे, म्हणजे अख्खा त्रिनिदाद शर्यतीपर्यंत थांबणार आणि मंगळवारी रात्री एकदम परत फिरणार. ज्यांना गावी जायचं नाही त्यांनी ही शर्यत नक्की बघावी, फक्त परतीचं तिकीट बुधवारचं काढावं आणि ती एक रजा खर्चावी. तुम्ही तेव्हा साताऱ्यात असाल.

तुमच्यासाठी मेच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा साधा गुरुवार-शुक्रवार निवडा. दोन रजा आणि शनिवार-रविवार मिळून चार दिवस. सण नसल्यामुळे विमानात जागा मिळते आणि खोल्यांना सणाचे दर लागत नाहीत. त्रिनिदादच्या पियार्को विमानतळाहून टोबॅगोच्या क्राउन पॉइंटला विमान अर्ध्या तासाच्या आत पोचतं. बोटीला पोर्ट ऑफ स्पेन ते स्कारबरो काही तास लागतात, आणि जाताना पूर्वेकडून येणारा वारा आणि लाटा समोरून घ्याव्या लागत असल्यामुळे उलट्यांचा त्रास जास्त होतो. परतताना लाटा मागून येतात. म्हणून जाताना विमान, येताना बोट असंही करता येईल. आईला गाडी लागत असेल तर दोन्ही वेळा विमानच. मुलीचं ओळखपत्र विसरू नका. तिथे स्टोअर बे किंवा पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या बोटीत बसून बुकू रीफ बघा. पुढे नायलॉन पूलला भर समुद्रात कमरेएवढ्याच पाण्यात उतरता येतं, पोहता न येणाऱ्यांनाही. एक सकाळ मेन रिजच्या जंगलासाठी ठेवा. पाऊस पडत राहावा म्हणून १७७६ साली कायद्याने राखलेलं हे जंगल आहे. पायवाटेवर चिखल असतो, चप्पल चालणार नाही.

हिशेब असा झाला: गावासाठी आठ, टोबॅगोसाठी दोन, मेच्या शुक्रवारची एक. अकरा. चार उरल्या.

त्यातली एक दिवाळीसाठी बाजूला ठेवा, पण तारीख आत्ता अर्जात लिहू नका. दिवाळीची सुट्टी इथे सरकार जाहीर करतं, आणि ती नेहमी भारतातल्याच तारखेला येईल असं नाही. २०२७ मध्ये भारतात लक्ष्मीपूजन शुक्रवारी २९ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी अमावास्या भारतात संध्याकाळी सातच्या सुमारास संपते. तेव्हा त्रिनिदादमध्ये सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे इथल्या २९ च्या संध्याकाळी अमावास्या उरलेलीच नसते. ती इथे गुरुवारी २८ ला संध्याकाळी असते. सुट्टी २८ ला जाहीर झाली तर शुक्रवारची एक रजा टाकून चार दिवस करा. २९ ला झाली तर रजेशिवाय तीन दिवस मिळतीलच. घोषणेपर्यंत ती रजा हाताशी ठेवा, आणि गावाकडच्या कॅलेंडरवरून कुणाला जेवायला बोलवू नका.

३१ ऑगस्टला जोडून सोमवारची रजा टाकण्याचा मोह होईल, एका रजेत चार दिवस मिळतात. पण शाळांच्या मोठ्या सुट्टीचा तो शेवट, किनारे भरलेले आणि पावसाचे दिवस. त्यापेक्षा २४ सप्टेंबरचा शुक्रवार रजा न टाकता मिळतो. शाळा सुरू असतात, आणि त्या सुमारास पावसात काही दिवसांची उघडीप येते. तिला इथे पेती कॅरेम म्हणतात. मराकासच्या किनाऱ्यावर जायचं तर तेव्हा.

राहिलेल्या तीन रजांना डिसेंबरपर्यंत हात लावू नका. आई-वडिलांचं परतीचं विमान एखाद्या वादळाने पुढे गेलं, मुलीला ताप आला, तर त्याच कामी येतील. किती रजा पुढच्या वर्षात नेता येतात हे एचआरला ऑक्टोबरमध्ये विचारा, आणि जेवढ्या बुडणार असतील तेवढ्या २८ डिसेंबरपासून टाका; तेव्हा २७ चा सोमवार आधीच मोकळा आहे.